पाच नंबरचं घर, आठ नंबरची खानावळ

रत्नागिरीच्या मांडवीहून पुन्हा एकदा तुमच्या भेटीला आलोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढला आहे. बोलताना आलेले ‘तर’ आणि ‘म्हणजे बघा’ जमतील तितके गाळलेत. सगळे नाही गेले.

आजचा विषय एक खानावळ आणि तिच्यामागचं राहतं घर. खानावळ इटलीतली, पाँपेई शहरातली. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि ती कायमची बंद झाली. तुम्ही म्हणाल, हा आपल्या कार्यक्रमाचा विषय कसा? तर त्याच ब्लॉकमध्ये, तीनच नंबर अलीकडे, एक घर आहे. त्या घरात आपल्याकडची एक हस्तिदंती बाई सापडली. पुरातत्त्वाच्या नकाशात ते घर पाच नंबरचं आणि खानावळ आठ नंबरची. बाईबद्दल आपण खूप बोलतो, खानावळीबद्दल अजिबात नाही. आज जरा उलटं करू. पण सुरुवात बाईपासूनच करावी लागेल, कारण तिचा फोटो तुमच्या फोनमध्ये येऊन गेलेला असणार.

दिवाळीच्या आसपास तो मेसेज फिरतो. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकसुद्धा लक्ष्मीची पूजा करत होते, हा बघा पुरावा, आणि खाली मूर्तीचा फोटो. मूर्ती खरी आहे. १९३८ साली अमेदेओ मायुरी या इटालियन पुरातत्त्वज्ञाच्या खोदकामात ती मिळाली. उंची वीतभरापेक्षा थोडी जास्त. अंगावर दागिने भरपूर, कपडे जवळजवळ नाहीत, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिथे एक ‘गुप्त दालन’ म्हणून भाग आहे, पाँपेईतली शृंगारिक चित्रं-शिल्पं एके काळी कुलपात ठेवत ती जागा. आपली बाई तिथेच असते.

आता मेसेजमध्ये जे नसतं ते. या मूर्तीच्या डोक्यातून खाली एक भोक पाडलेलं आहे. म्हणजे ती कशाचा तरी भाग होती: एखाद्या लहान टेबलाचा पाय, किंवा आरशाची मूठ. तिच्या हातात कमळ नाही, बाजूला हत्ती नाहीत. सापडली तेव्हा तिला लक्ष्मी म्हटलं गेलं आणि नाव चिकटलं, पण आता बहुतेक अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. दागिन्यांनी मढलेली, समृद्धी सुचवणारी बाई, जशी सांचीच्या तोरणावर दिसते तशी. पूजेचा प्रश्नच येत नाही. पाँपेईतल्या कुणा पैसेवाल्याच्या घरातलं ते परदेशी फर्निचर होतं.

गंमत अशी, की ज्या रस्त्यावर हे घर आहे त्या रस्त्याचं नावही असंच चुकून पडलंय. त्याला आज ‘व्हिया देल्लाब्बोंदान्झा’ म्हणतात, समृद्धीचा रस्ता. रस्त्यावरच्या एका सार्वजनिक नळावर शिंगातून फळं ओसंडणारी देवी कोरलेली आहे. खोदणाऱ्यांना ती समृद्धी वाटली. ती खरं म्हणजे काँकॉर्डिया, सलोख्याची देवी. म्हणजे एकाच रस्त्यावर दोन बायकांना लोकांनी पैशाची देवी करून टाकलं.

बाई कुठली? मराठवाड्याचा दावा जोरदार आहे. जालना जिल्ह्यातलं भोकरदन, जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या दानलेखांत तिथल्या माणसांची नोंद आहे. १९७३ च्या सुमारास शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी तिथे उत्खनन केलं, त्यात सातवाहन काळातली एक हस्तिदंती स्त्री मिळाली, पाँपेईच्या बाईची बहीण शोभेल अशी. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही अशी हस्तिदंती बाहुली मिळाली आहे. विरोधी पुरावाही सांगतो: पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्येकडची. त्यामुळे मथुरा किंवा गांधारकडे बोट दाखवणारेही आहेत. मला स्वतःला दख्खनची बाजू जड वाटते. अक्षर कारागिराचं असेल किंवा वाटेतल्या व्यापाऱ्याचं. बाईची ठेवण मात्र भोकरदनच्या बाईशी फार जुळते.

चला, आता तीन नंबर पुढे.

आठ नंबरच्या दारात उभं राहिलं की पहिल्यांदा दिसतो तो ओटा. दगड-चुन्याचा, काटकोनात वळलेला, दर्शनी भागाला रंगीबेरंगी संगमरवराचे तुकडे बसवलेले. मोठ्या इमारतीचे उरलेसुरले तुकडे आणून आपल्या टपरीवाल्यांनी फरशी बसवावी, तसं. ओट्यात मातीचे मोठे रांजण गळ्यापर्यंत बसवलेले आहेत, वर फक्त तोंडं दिसतात. ओटा थेट रस्त्याला लागून. गिऱ्हाईक फुटपाथवर, मालक आत. दुकानाच्या मागे एक छोटी वाट, आणि त्या वाटेनं आत गेलं की मालकाचं राहतं घर.

अशा जागांना पाठ्यपुस्तकात ‘थर्मोपोलियम’ म्हणतात, गरम काहीतरी विकण्याची जागा. शब्द जुन्या विनोदी नाटककार प्लाउटसचा. रस्त्यावरचा रोमन माणूस बहुधा ‘पोपिना’ किंवा ‘काउपोना’ म्हणत असे. पहिली खाण्यापिण्याची जागा, दुसरीत मुक्कामाचीही सोय. पाँपेईत अशा जागा किती? मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे ऐंशीपासून दीडशेपर्यंत आकडे सांगतात, आणि शहर तर आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं. इतक्या का? कारण दुकानाच्या माळ्यावर, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाकडे चूल नसायची. श्रीमंत घरी जेवायचा, गरीब बाहेर. आज आपल्याकडे हॉटेलात जेवणं म्हणजे चैन. तिथे बाहेर खाणं ही गरज होती. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळी आठवा, म्हणजे हिशोब कळेल.

या आठ नंबरच्या मालकाचं नाव ल्युसियस व्हेतुतियस प्लासिदस असं मानतात. भिंतीवरच्या निवडणुकीच्या घोषणांवरून आणि सुरयांवरच्या लिखाणावरून ते काढलंय. हो, निवडणुकीच्या घोषणा. पाँपेईत दरवर्षी स्थानिक अधिकारी निवडले जात, आणि ‘अमक्याला निवडा, सांगणारा तमका’ असं भिंतीवर लाल-काळ्या रंगानं रंगवत. दुकानाची दर्शनी भिंत ही त्यासाठी मोक्याची जागा. याच रस्त्यावर पुढे आसेलिनाची खानावळ आहे, तिथे तर बायकांच्या नावानं घोषणा आहेत. त्या बायकांना मताचा हक्क नव्हता, पण शिफारस करायला कोण अडवतंय?

प्लासिदसच्या ओट्यामागच्या भिंतीवर देव्हारा रंगवलेला आहे. दोन खांब, वर त्रिकोणी माथा, एखाद्या छोट्या देवळासारखा. मध्ये घराचा कुलपुरुष, बाजूला घराचे रक्षक देव, एका टोकाला मर्क्युरी, दुसऱ्या टोकाला डायोनिसस, आणि खाली दोन नाग. मर्क्युरी व्यापाराचा देव, डायोनिसस दारूचा. गल्ल्याच्या वर गणपती-लक्ष्मीचा फोटो लावणाऱ्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. रोमन माणूस धंद्याला बसताना कुणाला हात जोडायचा, हे बघायचं असेल तर ही भिंत बघा. पाच नंबरची बाई त्यासाठी उपयोगाची नाही.

आता गल्ला. ओट्यातल्या एका रांजणात हजाराहून जास्त नाणी सापडली, वजन तीन किलोच्या आसपास. सोनं नाही, चांदी नाही, तांब्या-पितळेची चिल्लर. मार्गदर्शक लोक सांगतात, शेवटच्या दिवसाची कमाई. मला हे पटत नाही. एका दिवसाची इतकी चिल्लर कुठली? आठवड्यांची साठवण असेल, पळताना मालकानं रांजणात ओतली आणि परत येऊ असं म्हणाला. तो परत आला नाही एवढं नक्की. आला असता तर पैसे तिथे राहिले नसते.

रांजणांत काय असायचं, यावर मोठा वाद आहे. गरम रस्सा असेल तर रांजण साफ कसा करणार? तो ओट्यात पक्का बसवलेला, माती सच्छिद्र. म्हणून बऱ्याच जणांचं म्हणणं, की त्यात कोरडा माल असायचा: कडधान्यं, सुकामेवा. शेजारच्या हर्क्युलेनियममध्ये तसा माल सापडलाही. मग २०१९-२० मध्ये पाँपेईच्या पाचव्या विभागात एक खानावळ पूर्ण उघडली, ओट्यावर बदकं आणि कोंबडा रंगवलेली, आणि साखळीचा पट्टा घातलेला कुत्रा. तिथल्या रांजणांत बदकाच्या हाडाचा तुकडा, डुक्कर, बकरी, मासे, गोगलगाई यांचे अवशेष निघाले. एका रांजणाच्या तळाशी बाकल्याच्या शेंगांचे दाणे कुटलेले होते, वाइनचा रंग-चव बदलायला घालत तसे. त्याच जागेत एका वयस्क माणसाची हाडंही मिळाली, बिछान्याजवळ. म्हणजे तिथेही खानावळ आणि झोपायची जागा एकच. २०१४ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठाच्या स्टीव्हन एलिस यांच्या चमूनं शहराच्या स्ताबिया दरवाज्याजवळच्या साध्या खाण्याच्या जागांची गटारं तपासून सांगितलं, की तिथे धान्य, मासे, ऑलिव्ह हे रोजचं, आणि एके ठिकाणी चक्क जिराफाच्या पायाचं हाड. साधा माणूस फक्त पेज पीत होता, हे चित्र काही खरं नाही.

सरकारला मात्र या जागा आवडत नसत. रोम शहरात क्लॉडियसनं खानावळीत शिजवलेलं मांस आणि गरम पाणी विकायला बंदी केली. गरम पाणी का? कारण ते वाइनमध्ये घालून पीत, आपल्या चहासारखं. नेरोनं भाजी आणि कडधान्यांखेरीज शिजवलेलं काही विकू नये म्हटलं. व्हेस्पासियननं पुन्हा तसाच हुकूम काढला. एकच बंदी तीन सम्राटांना करावी लागते, याचा अर्थ ती कुणी पाळत नव्हतं. भीती खाण्याची नव्हती. चार माणसं ओट्याशी उभी राहून काय बोलतात, याची होती.

आणि दर. पाँपेईतल्या एका गुत्त्याच्या भिंतीवर दरपत्रक लिहिलेलं होतं. साधी वाइन एक ‘अस’ला, बरी दोन असला, फालेर्नियन म्हणजे उत्तम चार असला. अस हे तांब्याचं नाणं. चार असांचा एक सेस्टर्स, सोळा असांचा एक चांदीचा दिनार. हा हिशोब डोक्यात ठेवा, कारण माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा इथे आहे.

थोरला प्लिनी नावाचा लेखक होता. नौदलाचा अधिकारी, तळ नेपल्सच्या उपसागरात मिसेनमला. त्याच्या ग्रंथात तक्रार आहे, की भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो. मिऱ्याचा भावही तो देतो: काळी मिरी चार दिनारला एक रोमन पौंड, म्हणजे साधारण सव्वातीनशे ग्रॅम. चार दिनार म्हणजे चौसष्ट अस. थोडक्यात, पाव किलोपेक्षा थोड्या जास्त मिऱ्याच्या किमतीत खानावळीत साध्या वाइनचे चौसष्ट पेले. (हाच प्लिनी व्हेसुव्हियस फुटला तेव्हा जहाजं घेऊन लोकांना सोडवायला गेला आणि किनाऱ्यावर मेला. त्याचं तक्रारीचं पुस्तक आणि प्लासिदसची चिल्लर एकाच काळातली, दोन-तीन वर्षांच्या अंतरातली.)

आपण ‘रोमन व्यापार’ म्हणतो तेव्हा पाच कोटीच डोळ्यासमोर असतात. खानावळीचा ओटा ते आकडे जमिनीवर आणतो. व्हिएन्नात एक पपायरस आहे, इ.स.च्या दुसऱ्या शतकातला. केरळातल्या मुझिरिसहून ‘हर्मापोलॉन’ नावाच्या जहाजानं आणलेल्या मालाचा हिशोब. त्यात हस्तिदंतही आहे. एकाच जहाजातल्या मालाची किंमत सत्तर लाख सेस्टर्सच्या घरात. प्लासिदसच्या रांजणातले सगळे मिळून काहीशे सेस्टर्स. पाच नंबरचं घर पहिल्या हिशोबात येतं, आठ नंबर दुसऱ्या. दोघांची दारं एकाच रस्त्यावर.

आता समुद्र ओलांडून इकडे येऊ, आणि मी मांडवीत बसून हे का सांगतोय तेही सांगतो. मांडवी म्हणजे जुन्या मराठीत जकातीचं ठाणं. जिथे गलबतातला माल उतरतो आणि सरकारचा हिस्सा घेतला जातो ती जागा. मुंबईत मांडवी आहे, कच्छात आहे, आपली इथली. नाव रोमन काळाइतकं जुनं नाही, पण काम तेच. मुझिरिसचा तो माल इजिप्तमध्ये पोचला की रोमन मांडवीवर किती द्यावा लागे? पंचवीस टक्के. चौथा हिस्सा. प्लिनी पैसे बाहेर गेल्याचं रडतो, त्यातले किती सरकारी तिजोरीत परत आले ते नाही सांगत.

आणि वेळापत्रक बघा. प्लिनीच्याच सांगण्यावरून जहाजं भर उन्हाळ्यात, जुलैच्या आसपास, इजिप्तहून सुटत. नैर्ऋत्येचा वारा पाठीशी घेऊन सप्टेंबरात इकडे पोचत. परतीचा वारा डिसेंबर-जानेवारीचा. इथे कुठल्याही दालदी किंवा खारवी माणसाला विचारा, नारळी पौर्णिमेआधी समुद्रात कोण जातं? रोमन नाखवासुद्धा आपल्या किनाऱ्याला लागायचा तो नारळ पडून गेल्यावरच. त्यानं वेगळं काही शोधलं नव्हतं. अरबांना आणि आपल्या लोकांना ते आधीपासून ठाऊक होतं.

‘पेरिप्लस’ नावाची एक मार्गदर्शिका आहे, पहिल्या शतकाच्या मध्याची, इजिप्तमधल्या ग्रीक बोलणाऱ्या कुणा व्यापाऱ्याची. त्यात कल्याणच्या दक्षिणेची बंदरं ओळीनं येतात: सेमिल्ला म्हणजे चौल, मग मंदगोरा, पालायपत्मै, मेलिझिगारा, बायझँटियन. मंदगोरा बाणकोट-मंडणगडकडचं, पालायपत्मै दाभोळ-पालशेतकडचं, मेलिझिगारा म्हणजे आपलं जयगड, असं काही अभ्यासक मानतात. एवढी नावं, पण वर्णन जवळजवळ नाही. लेखकाला घाई आहे, त्याला मिऱ्यासाठी केरळात जायचंय. टॉलेमी तर या किनाऱ्याच्या एका भागाला चाच्यांचा मुलूख म्हणून मोकळा होतो. कोकण तेव्हाही वाटेत लागणारं गाव होतं.

पेरिप्लस तपशील देतो तो भडोचबद्दल. पैठण भडोचपासून वीस दिवसांवर, तिथून अकीक-गोमेदासारखे दगड येतात. तेर पैठणहून आणखी दहा दिवस पूर्वेला, तिथून कापड. सगळं गाड्यांवर लादून, वाईट रस्त्यानं. भडोचच्या निर्यातीत हस्तिदंताचं नाव स्पष्ट आहे. भोकरदन पैठणच्या उत्तरेला त्याच मुलखात. बाई दख्खनची असेल तर ती बैलगाडीतच गेली, समुद्र नंतर.

आणि आयात? पहिलंच नाव वाइन. इटालियन वाइनला पसंती, असं लेखक आवर्जून लिहितो. राजासाठी नजराण्यात चांदीची भांडी, गाणारी मुलं, जनानखान्यासाठी मुली आणि उंची वाइन. तिथला राजा ‘मांबानोस’, तो क्षत्रप नहपान असावा असं बहुतेकांचं मत आहे. नेपल्सच्या उपसागराभोवती बनणाऱ्या सुरयांच्या मातीत ज्वालामुखीची काळी रेती दिसते. त्या काळ्या रेतीच्या सुरयांचे तुकडे पाँडिचेरीजवळच्या अरिकामेडूला आणि केरळात पट्टणमला मिळाले आहेत. म्हणजे प्लासिदसच्या ओट्यावर जी वाइन चार पैशांना मिळत होती, तिच्याच परिसरातला माल इथे दूरचा, महागाचा, नजराण्यात शोभणारा. आणि इथल्या कारागिरानं गुजराणीसाठी कोरलेला टेबलाचा पाय तिथे पैसेवाल्याच्या दिवाणखान्यात.

कोल्हापूरला जाल तेव्हा टाउन हॉलमधलं संग्रहालय बघा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडातून निघालेला काशाचा पोसायडन तिथे आहे, समुद्रदेव, हातभरसुद्धा नाही. समुद्रापासून घाट चढून आलेला. १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीचं उत्खनन केलं. तिथल्या काशाच्या ठेव्यात वाइनचा एक डौलदार चंबूही आहे, दक्षिण इटलीत बनत त्या घाटाचा. लोक पोसायडनसमोर थांबतात. मी म्हणेन चंबूसमोर थांबा. तो कुणीतरी वापरला असेल.

मग प्रश्न पडतो: इथे येणारा तो खलाशी, किंवा पैठणहून गाडी हाकत आलेला गाडीवान, रात्री कुठे जेवला? आपल्याकडे याचं उत्तर दगडावर कोरलेलं आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहा नंबरच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात आपली दानं मोजतो. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे सोपारा इथे त्यानं चौसोपी धर्मशाळा बांधल्या. दमण, तापी, डहाणूच्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, दोन्ही तीरांवर बसायच्या जागा आणि पाणपोया. वर बत्तीस हजार नारळाची झाडंही दान केली, नारगोळ असावं अशा एका गावची. कोकणी माणसानं हा आकडा वाचून एक क्षण थांबायला हरकत नाही. धर्मशाळा पुण्यासाठी, पैसे न घेता. विकत खाण्याची सोयही होती: कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शिजवलेलं मांस आणि शिजवलेला भात विकणारे येतात. दारूच्या गुत्त्यांना खोल्या, बिछाने, फुलं, पाणी असावं, आणि कोण ऐपतीबाहेर खर्च करतो यावर हेरांनी नजर ठेवावी, असंही आहे. क्लॉडियसची आणि कौटिल्याची काळजी एकच.

म्हणजे आपल्याकडे शब्द आहेत आणि ओटा नाही. असं का? पाँपेईवर एका दिवसात राख पडली आणि ताटातलं ताटात राहिलं. आपली गावं कधी एका दिवसात मेली नाहीत. सोपारा, चौल, पैठण, तेर: लोक राहतच गेले, मातीवर माती चढली. मग त्या ‘पांढरी’ची, जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीची, घरं बांधायला, शेतात टाकायला गाड्या भरभरून खोदाई झाली. त्यात हस्तिदंताची बाहुली चमकते, मणी चमकतो, नाणं चमकतं. चुलीची राख आणि फुटका रांजण कोण उचलणार?

तेरला एका माणसानं मात्र उचललं. रामलिंगप्पा लामतुरे गावातल्या टेकाडांवर पावसानं उघड्या पडलेल्या वस्तू वर्षानुवर्षं गोळा करत राहिले. हजारो वस्तू झाल्या. त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आज तेरमध्ये आहे. पण पावसानं वर आणलेली वस्तू कुठल्या खोलीतली, कुणाशेजारची, हे सांगत नाही. आठ नंबरचा चिल्लरीचा रांजण बोलतो, कारण तो ओट्यातच होता, देव्हाऱ्यासमोर. तीच नाणी नुसत्या शेतात मिळाली असती तर ‘रोमन नाणी, संख्या हजारावर’ एवढीच नोंद झाली असती.

फुटक्या खापराचं महत्त्व किती, याचं एक उदाहरण. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणि दख्खनमध्ये मिळालेली मोठ्या सुरयांची बरीच खापरं वर्षानुवर्षं ‘रोमन अँफोरा’ म्हणून मोजली जात होती. ब्रिटिश म्युझियमच्या रोबर्टा टोंबर यांनी ती पुन्हा हातात घेऊन पाहिली. २००७ मध्ये त्यांनी लिहिलं, की त्यातली पुष्कळशी रोमन नाहीतच, मेसोपोटेमियाकडच्या ‘टॉर्पेडो’ आकाराच्या सुरया आहेत, आतून डांबर लावलेल्या, आणि बऱ्याच नंतरच्या काळातल्या. म्हणजे आपल्या किनाऱ्याचा व्यवहार रोमशी जितका सांगतो तितका नव्हता, आणि इराण-इराकशी सांगतो त्याहून कितीतरी जास्त होता. एवढा मोठा बदल कशामुळे? सोन्यामुळे नाही, मूर्तीमुळे नाही. वाइन-तेलाच्या फुटक्या डब्यांमुळे.

म्हणून ही विनंती आहे, विशेषतः जयगड, दाभोळ, बाणकोट, पालशेत या पट्ट्यातल्या श्रोत्यांना. घराचा पाया खणताना, खाडीकाठची दरड कोसळल्यावर, जाड बुडाचं, आतून काळं डांबर लागलेलं किंवा रेती चमकणारं खापर दिसलं तर ते तिथून हलवू नका. जागेचा फोटो काढा, शेजारी चप्पल किंवा पेन ठेवून, म्हणजे माप कळेल. मग रत्नागिरीतल्या राज्य पुरातत्त्व कार्यालयाला कळवा. थिबा राजवाड्यात त्यांचं संग्रहालय आहे, मांडवीहून रिक्षानं फार लांब नाही.

पुढचा भाग चौलवर.